औषध फुफ्फुसापर्यंत कसे पोहोचते? : नेब्युलायझरची वाटचाल आणि आपल्या परिसराची गरज



रुग्णसेवेच्या आढाव्यासोबत एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, या हेतूने प्रस्तुत अभ्यासलेख सादर करीत आहोत. यंदा निवडलेला विषय आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील शेकडो घरांत नित्य ऐकू येणाऱ्या एका घरघरीचा आहे. ती घरघर म्हणजे नेब्युलायझर, अर्थात बोलीभाषेतील 'वाफेचे मशीन'.

या विषयाची निवड सकारण आहे. नेब्युलायझर हे देणगीदारांच्या विशेष पसंतीचे उपकरण आहे. त्याच वेळी त्याविषयी गैरसमजही विपुल आहेत. ते किती उपकारक आहे, कोठे अपुरे पडते आणि कोठे त्याहून स्वस्त साधन तेवढेच काम करते, हे समजून घेतल्यास दान अधिक सत्कारणी लागेल आणि क्वचित एखादा जीवही वाचेल, असा आमचा विश्वास आहे.

ही वाफ नव्हे

प्रथम नावाविषयी. 'बाळाला वाफ दिली' असे आपण सहज म्हणतो. परंतु नेब्युलायझरमधून निघते ती वाफ नसते. पाणी तापविल्यावर जी निघते ती वाफ. तिच्याबरोबर औषध वर चढत नाही. नेब्युलायझर औषधी द्रावणाचे न तापविता अतिसूक्ष्म तुषार करतो. 'नेब्युला' या लॅटिन शब्दाचा अर्थ धुके, आणि आपल्या संस्कृतातील 'नभस्' हा त्याचाच सगोत्र शब्द होय. म्हणजे हे औषधाचे थंड धुके आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. 'मशीन नाही तर पातेल्यातली वाफ देऊ' असे समजून लहान मुलांना उकळत्या पाण्यावर वाकविले जाते आणि त्यातून भाजण्याचे अपघात घडतात. पातेल्यातील वाफेने दम्यात आकसलेली श्वासनलिका उघडत नाही.

मुळात औषध श्वासावाटे देण्याचे प्रयोजन काय? पोटात घेतलेली गोळी रक्तात मिसळून सर्व शरीरभर फिरते आणि तिचा थोडाच अंश श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. तेच औषध श्वासावाटे थेट आजाराच्या जागी गेले, तर अत्यल्प मात्रा पुरते, परिणाम काही मिनिटांत दिसतो आणि हात थरथरणे, छातीत धडधडणे यांसारखे त्रास कमी होतात.

मात्र वाट सोपी नाही. निसर्गाने नाक व घसा हे धूळ अडविण्यासाठीच घडविले आहेत. पाच मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब बहुधा तोंडात किंवा घशातच आदळून राहतो. एक मायक्रॉनहून लहान थेंबांपैकी बरेचसे आत जाऊन उच्छ्वासाबरोबर तसेच बाहेर पडतात. एक ते पाच मायक्रॉन या अरुंद मर्यादेतील थेंबच खऱ्या अर्थाने उपयोगी ठरतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामातील नजाकत कळेल. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा नेब्युलायझरचा इतिहास हा या योग्य आकाराच्या थेंबाचा शोध आहे.

धोतऱ्याच्या धुरापासून कंप पावणाऱ्या जाळीपर्यंत

या कथेचे एक टोक आपल्या देशात आहे. श्वासविकारावर औषधी धूर घेण्याची पद्धत आयुर्वेदात 'धूमपान' या नावाने वर्णिलेली आहे. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर घेण्याचा उपचार १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला गेला. धोतऱ्यात ॲट्रोपिनच्या जातीची द्रव्ये असतात. आज आपल्या नेब्युलायझरमध्ये घातले जाणारे इप्राट्रोपियम हे ॲट्रोपिनपासूनच घडविलेले, पण कितीतरी अधिक सुरक्षित असे औषध होय. धोतरा स्वतः विषारी आहे. तेव्हा हा केवळ इतिहास समजावा, त्याचे अनुकरण कोणी करू नये.

१८५८ मध्ये फ्रान्समधील डॉ. साल-जिराँ यांनी हातपंपाच्या दाबाने द्रवाचे तुषार करणारे, सोबत नेता येण्याजोगे उपकरण सादर केले. १८६४ मध्ये जर्मनीत झीगले यांनी वाफेच्या जोरावर औषधाचा फवारा करणारे यंत्र आणले. १९३० च्या दशकात विजेच्या पंपावर चालणारी यंत्रे आली आणि आजच्या घरगुती मशीनचा पाया घातला गेला.

१९५० च्या दशकात एक घरगुती प्रसंग वैद्यकशास्त्राला वळण देऊन गेला. अमेरिकेतील रायकर या औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या कन्येला दमा होता. रबरी फुगा दाबून काचेच्या नळीतून औषध घेण्यास ती कंटाळली होती. केसांवर मारण्याच्या फवाऱ्यासारखा डबा औषधासाठी का असू नये, असा प्रश्न तिने वडिलांना विचारला. त्यातून १९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा इन्हेलर, म्हणजे आपल्याकडील 'पंप', बाजारात आला. नेब्युलायझर व पंप ही दोन भावंडे तेव्हापासून बरोबरीने वाढत आहेत.

आज प्रचलित असलेल्या नेब्युलायझरचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला जेट प्रकार. पंपाने दाबलेली हवा बारीक छिद्रातून वेगाने सुटते; तेथे दाब कमी होऊन कपातील द्रावण वर ओढले जाते, त्याचे थेंब होतात आणि पुढील अडथळ्यावर आपटून मोठे थेंब कपात परत पडतात. बारीक तेवढेच रुग्णापर्यंत जातात. हे यंत्र दणकट व स्वस्त असून जवळपास सर्व नेहमीची औषधे त्यातून देता येतात. त्याचे दोष म्हणजे आवाज, विजेची आवश्यकता, प्रत्येक वेळी लागणारी पाच ते दहा मिनिटे आणि अपव्यय. कपाच्या तळाशी व भिंतींवर सुमारे एक मिलिलिटर द्रावण राहूनच जाते. अडीच मिलिलिटरची कुपी तशीच घातल्यास चाळीस टक्के औषध कपातच उरते. वैद्यकीय सल्ल्याने निर्जंतुक सलाईन मिसळून एकूण चार मिलिलिटर केल्यास हा अपव्यय सुमारे एक चतुर्थांशावर येतो. रुग्ण उच्छ्वास सोडत असतानाही धुके वाहतच असल्याने आणखी औषध हवेत जाते. परिणामी कपात घातलेल्या मात्रेपैकी साधारण दहा टक्केच फुफ्फुसात उतरते.

दुसरा अल्ट्रासॉनिक प्रकार १९६० च्या दशकात पुढे आला. यात स्फटिकाच्या अतिवेगवान कंपनांनी द्रावणाच्या पृष्ठभागावर कारंजे उठते. तो शांत व जलद आहे. परंतु द्रावण तापते, आणि ब्युडेसोनाइडसारखी न विरघळता तरंगणारी औषधे त्यातून नीट बाहेर पडत नाहीत. दम्यात ब्युडेसोनाइडचे स्थान महत्त्वाचे असल्यामुळे हे यंत्र त्यासाठी घेणे योग्य नव्हे.

तिसरा मेश म्हणजे जाळीचा प्रकार. १९९० च्या दशकात विकसित होऊन २००० नंतर तो रुग्णालयांत रुळला. धातूच्या पातळ चकतीवर हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक, डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. ही चकती सेकंदाला लाखाहून अधिक वेळा कंप पावते आणि प्रत्येक छिद्रातून जवळपास एकसारख्या आकाराचे थेंब बाहेर पडतात. आवाज नाही, द्रावण फारसे तापत नाही, बॅटरीवर चालते, वेळ कमी लागतो आणि मागे उरणारे औषधही फार थोडे. शिवाय बाहेरची हवा आत सोडावी लागत नसल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाला त्या यंत्राच्या नळीतूनच औषध देता येते. अतिदक्षता विभागासाठी ही मोठीच सोय आहे. किंमत अधिक असणे आणि छिद्रे बुजणे हे तिचे दोष. स्वच्छतेत हयगय झाली की महागडी जाळी अल्पावधीत निकामी होते.

याही पुढची पायरी म्हणजे रुग्णाचा श्वास ओळखणारी यंत्रे. काही यंत्रे श्वास आत घेतानाच धुके सोडतात. काही तर आधीच्या श्वासांचा अंदाज घेऊन पुढील श्वासाच्या सुरुवातीलाच औषध देतात. त्यामुळे नेब्युलायझर केवळ दम्यापुरता उरलेला नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी टोब्रामायसिन हे प्रतिजैविक श्वासावाटे देण्यास मान्यता मिळाली. २०१८ मध्ये क्षयजंतूंच्या नात्यातील काही चिवट जंतूंसाठी ॲमिकासिनचे श्वासावाटे द्यावयाचे रूप मान्य झाले आणि २०२४ मध्ये सीओपीडीसाठी एन्सिफेन्ट्रिन हे नव्या धाटणीचे नेब्युलायझर-औषध मान्य झाले.

आपल्या परिसराचा श्वास

या प्रगतीकडे आम्ही आमच्या खिडकीतून पाहतो, तेव्हा समोर वालधुनी व उल्हास नद्यांचा हा परिसर असतो. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या निर्वासित सिंधी बांधवांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील कॅम्पांच्या दाट वस्तीत घर व कारखाना एकाच भिंतीला लागून उभे राहिले. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींनी हजारोंना रोजगार दिला, आणि त्याबरोबर रसायनांचा वासही दारात आणला. आसपासच्या आदिवासी पाड्यांवर चूल अजून विझलेली नाही.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात रासायनिक कचरा सोडला गेल्याने उग्र वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना श्वास लागणे, मळमळणे अशा तक्रारींसह रुग्णालयांत न्यावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरात वायुगळती होऊन लोकांना श्वसनाचा त्रास झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये रसायनाच्या धुराने रस्ते झाकोळले आणि नागरिकांचे डोळे व घसे जळजळले.

या घटना वर्तमानपत्रांत येतात. रोजचा धूर मात्र बातमी होत नाही. सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखातून जगाचे लक्ष वेधले. चुलीचा धूर हे त्यामागील एक प्रमुख कारण. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डास पळविण्याची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे आढळले. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून सकाळी त्याच खोलीत बाळाला नेब्युलायझर देणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. २०१६ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते.

मशीन मोठे की पंप?

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. 'पंपाची सवय लागते, मशीन बरे' किंवा 'पंप साधा, मशीनचे औषध जोरदार' ही वाक्ये आम्ही बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकतो. ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत.

साल्ब्युटामॉल या औषधाचे उदाहरण घ्या. पंपाच्या एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम असते, तर नेब्युलायझरच्या एका कुपीत २.५ मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीस पट. मशीन 'जोरदार' वाटते ते यामुळे. त्यात औषध निराळे नसते. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर साठवून धरणारी नळी, जोडून योग्य संख्येने फवारे दिले, तर दम्याच्या बहुतेक झटक्यांत नेब्युलायझरइतकाच गुण येतो. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन हा निष्कर्ष निघालेला आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर स्पेसरमुळे तातडीच्या विभागातील मुक्काम कमी झाल्याचे व नाडीची धडधडही कमी राहिल्याचे दिसले. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वैद्यांनी याही पुढे जाऊन दाखविले की, अर्धा लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला नीट छिद्र पाडून आणि जोड घट्ट बंद करून तयार केलेला स्पेसरही मुलांच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो. गरिबीवर काढलेला हा तोडगा जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत नेब्युलायझरच्या धुक्यावाटे विषाणू पसरेल, या भीतीने अनेक रुग्णालयांनी पंप व स्पेसरकडे मोर्चा वळविला, आणि रुग्णांचे त्यावाचून अडले नाही. वायुगळतीसारख्या प्रसंगीही हेच लागू पडते. एका रात्रीत चाळीस माणसे धाप लागून आली, तर चाळीस मशीन व चाळीस विजेच्या जोडण्या कोठून आणणार? ऑक्सिजनबरोबर पंप व स्पेसर मात्र प्रत्येकाच्या हाती देता येतात.

तर मग नेब्युलायझर हवाच कशाला? जो रुग्ण इतका थकला आहे की त्याला स्पेसरही धरवत नाही, जो अर्धवट शुद्धीत आहे, जो कृत्रिम श्वसनयंत्रावर आहे, ज्याला प्राणवायूबरोबर सतत औषध हवे आहे किंवा ज्याचे औषध पंपात मिळतच नाही, त्याच्यासाठी नेब्युलायझरला पर्याय नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. अशा पुराच्या दिवसांत वीज गेली, तर घरी नियमित नेब्युलायझर लागणाऱ्या रुग्णाला बॅटरीवरील जाळीचे यंत्र मोठा आधार ठरते. साधन श्रेष्ठ की कनिष्ठ हे रुग्णाच्या अवस्थेवरून ठरते, किमतीवरून नव्हे.

खरा धोका

घरी मशीन असण्यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे खोटा दिलासा. रात्री धाप लागते, मशीन लावले जाते, तासभर बरे वाटते. पुन्हा धाप, पुन्हा मशीन. असे दोन दिवस काढून रुग्ण येतो, तेव्हा त्याचे ओठ निळसर झालेले असतात. साल्ब्युटामॉल आकसलेली नलिका तात्पुरती सैल करते, परंतु आतील सूज उतरवत नाही. सूज उतरविण्याचे काम श्वासावाटे घ्यावयाच्या स्टिरॉइडचे. म्हणूनच दम्याविषयीच्या 'जीना' या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून, प्रौढ व किशोरवयीन रुग्णांनी केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबू नये, असे स्पष्ट केले आहे. 'स्टिरॉइड' या शब्दाला घाबरून नियमित पंप बंद करणे आणि मग झटक्यासाठी मशीन विकत घेणे, हा उलटा व्यवहार होय.

रुग्णांच्या आप्तांनी पुढील खुणा दिसताच मशीनची वाट न पाहता रुग्णालय गाठावे : एक वाक्य एका दमात न बोलता येणे, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाणे, ओठ वा नखे निळी पडणे, गुंगी किंवा बडबड, बाळाने दूध सोडणे, औषधाचा गुण तीन-चार तासही न टिकणे. रासायनिक वायू श्वासात गेला असल्यास बरे वाटले तरी तपासणी करून घ्यावीच; काही वायूंमुळे फुफ्फुसात काही तासांनंतरही पाणी साचू शकते. वाटेत औषध देत यावे, परंतु निघण्यास विलंब करू नये.

घरी मशीन वापरणाऱ्यांसाठी

रुग्णाला बसते करावे व शांतपणे श्वास घेऊ द्यावा. मास्क चेहऱ्याला नीट टेकलेला असावा. तो दूर धरून नुसते धुके चेहऱ्यावर सोडल्यास औषधाचा फार थोडा अंश आत जातो. रडणाऱ्या बाळाला जबरदस्तीने दिलेले औषध बहुतांशी घशातच राहते. त्याला कुशीत घेऊन शांत करावे. मोठ्या माणसांनी शक्यतो मास्कऐवजी तोंडात धरावयाची नळी वापरावी. स्टिरॉइड दिल्यानंतर चूळ भरावी आणि मास्क वापरला असल्यास चेहराही धुवावा.

औषध पातळ करण्यासाठी नळाचे पाणी कदापि वापरू नये. निर्जंतुक सलाईनच घ्यावे. प्रत्येक वापरानंतर कप व मास्क धुऊन, पाणी झटकून पूर्ण कोरडे करावेत. ओलसर कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी औषधाबरोबर तेही फुफ्फुसात जातात. एकाचा मास्क दुसऱ्यास लावू नये, शेजाऱ्यासही उसना देऊ नये. सीओपीडीच्या रुग्णाने घरी प्राणवायूच्या नळीला नेब्युलायझर जोडण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. अशा काही रुग्णांत अधिक प्राणवायूने शरीरातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते.

यंत्राच्या किमतीबाबतही एक गोष्ट ग्राहकांनी जाणून घ्यावी. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने नेब्युलायझरसह पाच वैद्यकीय उपकरणांवरील व्यापारी नफ्यास मर्यादा घातली. छापील किंमत तपासूनच खरेदी करावी.

देणगीदारांस नम्र विनंती

यंत्रावर कोरलेले नाव पाहून दात्याला समाधान वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि यंत्र एकदा येते; मास्क, नळ्या, कप व गाळण्या पुन्हा पुन्हा लागतात. त्या वेळेवर न मिळाल्यास चांगले यंत्र कपाटात पडून राहते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, एकच मास्क अनेकांस वापरण्याचा मोह होतो. अतिदक्षता विभागासाठी मोजकी जाळीची यंत्रे, वॉर्डासाठी दणकट जेट यंत्रे, आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक गरजू रुग्णाच्या हाती एक स्पेसर व तो वापरण्याचे पंधरा मिनिटांचे शिक्षण, असा दानाचा क्रम असावा, असे आम्हांस वाटते. ते शिक्षण देणाऱ्या परिचारिकेच्या वेळाचा खर्च कोणत्याही फलकावर लिहिता येत नाही, पण रुग्णाच्या श्वासात तो दिसतो.

थेंबाचा आकार साधण्यास शास्त्राला दीडशे वर्षे लागली. तो थेंब कॅम्पातील चाळीपर्यंत, औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या खोलीपर्यंत आणि पाड्यावरील चुलीशेजारी बसलेल्या माउलीपर्यंत पोहोचविणे हे शेवटचे अंतर मात्र आपण सर्वांनी मिळून तोडावयाचे आहे.